उघड होते, तरी दिसले नाही: वतनाच्या हिशेबाची गोष्ट

भोर तालुक्यातील आंबवडे हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहे ते तेथील दोन समाध्यांमुळे. एक कान्होजी जेधे यांची, दुसरी जिवा महाला यांची. (बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. नावे कानाला जवळची वाटतात, म्हणून हा खुलासा.) कान्होजी हे रोहिडखोऱ्याचे देशमुख. जिवा महाला नाभिक समाजातील वीर. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार त्यांनी अडवला आणि 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण मराठीत रुजली. एक देशमुख आणि एक बलुतेदार जातीतला माणूस, दोघांच्या समाध्या एका गावात असाव्यात, हे मोठे बोलके आहे. पण या लेखाचा विषय त्या समाध्या नाहीत. विषय आहे एक शब्द, जो कान्होजींच्या गोष्टीत मध्यवर्ती आहे आणि आपल्या गोष्टीतही. तो शब्द म्हणजे वतन.

१६५९ साली अफझलखान स्वराज्यावर चालून आला तेव्हा विजापूरच्या दरबाराने मावळच्या देशमुखांना फर्माने धाडली. खानाला सामील व्हा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्यांचा मतलब होता. काही देशमुख गेलेही. कान्होजी मात्र आपल्या मुलांना घेऊन शिवाजीराजांकडे आले आणि त्यांनी राजांसमोर आपल्या वतनावर पाणी सोडले. तीनशे साठ वर्षे उलटून गेली तरी ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि ते रास्तच आहे. वतन म्हणजे जमीन, वसुलीचा हक्क, शिक्का, मानपान, पिढ्यान्‌पिढ्यांची सत्ता. ती एका ओंजळीत सोडणे ही साधी गोष्ट नव्हे.

आता दुसरे वतन पाहा. त्याच खोऱ्यात, त्याच काळात, गावकुसाबाहेर महारवाडा होता. तेथेही वतन होते. महारही वतनदारच म्हटला जाई. त्याच्याकडेही जमिनीचा तुकडा होता, त्यालाही हक्क होते, सणावाराला त्याचाही मान होता. कागदोपत्री देशमुख आणि महार दोघेही एकाच शब्दाने बांधलेले. फरक एवढाच की देशमुखाचे वतन म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावरचा हक्क होता आणि महाराचे वतन म्हणजे त्याच्या श्रमावर दुसऱ्याचा हक्क होता. एकाने वतन सोडले तर त्याची सत्ता जाणार होती. दुसऱ्याने सोडले असते तर त्याची बेडी तुटणार होती.

हे वाक्य आज कोणालाही पटेल. त्यात गूढ काही नाही. पण हे साधे सत्य आपल्या समाजाच्या तोंडी यायला विसाव्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले, आणि कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब व्हायला १९५९ साल. मी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वर्गात वतनाचा हिशेब फळ्यावर मांडला की मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, हे इतकं उघड होतं, तर आपल्या लोकांना कळलं कसं नाही?" प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्याच्या पोटात एक धोकाही आहे. त्यातून आपले बापआजे भोळे होते, अडाणी होते, असा निष्कर्ष सहज निघतो, आणि तो खोटा आहे. म्हणून या प्रश्नाचे नीट उत्तर शोधले पाहिजे.

वतन नेमके काय होते?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. महार हा गावाचा नोकर आणि सरकारचाही नोकर. वेशीवर येसकर म्हणून राखण करायची. गावच्या शिवेची माहिती ठेवायची, शिवेचा तंटा झाला तर साक्ष द्यायची. पाटील-कुलकर्ण्यांच्या सांगण्यावरून लोकांना चावडीवर बोलावून आणायचे. सरकारी कागद या गावाहून त्या गावी पोचवायचे. वसुलाची रक्कम तालुक्याला जाताना सोबत चालायचे. साहेबाचा मुक्काम पडला की त्याचे घोडे धरायचे, ओझी वाहायची, लाकूडफाटा आणायचा. कोणी मेले तर पंचक्रोशीत सांगावा न्यायचा. मेलेले जनावर ओढायचे. दिवस किंवा रात्र, पेरणी किंवा सुगी, असा भेद नाही.

याचा मोबदला तीन वाटांनी येई. पहिली वाट जमिनीची, जिला कित्येक ठिकाणी हाडकी किंवा हाडवळा म्हणत. दुसरी बलुत्याची: खळ्यावर कुणब्याने दिलेले धान्य आणि पाळी असेल त्या दिवशी घरोघर मागून आणलेली भाकरी. तिसरी, सरकारी कामाबद्दल मिळणारी रोख रक्कम. ती इतकी किरकोळ होती की कित्येक जिल्ह्यांत महिनाकाठी एक रुपयासुद्धा पदरात पडत नसे.

ब्रिटिश अमलात १८७४ च्या वतन कायद्याने ही सारी व्यवस्था कागदावर पक्की केली. महाराची गणना कनिष्ठ गावनोकरांत झाली. राज्य बदलले, तारखा आणि दप्तरे बदलली, पण चावडीसमोरचा माणूस तोच राहिला. उलट इंग्रजांचा कारभार वाढला तशी सरकारी कामे वाढली. जमीन मात्र वाढली नाही.

या मोबदल्याला जोडून लोकांच्या मनात होती ती बावन्न हक्कांची कथा. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, असे सांगितले जाई. कुठे ती अमृतनाकाच्या स्वामिनिष्ठेशी जोडली जाई, कुठे दामाजीपंत आणि विठू महाराच्या कथेशी. या हक्कांत काय काय होते? खळ्यावरचे धान्य, सणाचा वाटा, लग्नातला मान, मेलेल्या जनावराचे कातडे आणि मांस, मढ्यावरचे कापड. 'हक्क' या शब्दाखाली जिवंत माणसाला मढ्यावरचे कापड मिळत होते, आणि ते आपले म्हणून भांडण्यापर्यंत पाळी येत होती. शेजारच्या महारवाड्याने आपल्या हद्दीतले ढोर ओढून नेले तर तंटा होई. ज्या गोष्टीपासून सुटका हवी तिच्याच मालकीसाठी भांडण, असे हे वतन.

न दिसण्याची कारणे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एखादी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही, याचे कारण डोळ्यांत नसते. ते इतरत्र असते. मला यामागे चार कारणे दिसतात.

पहिले कारण शब्दाचे. गुलामाला गुलाम म्हटले तर त्याला बेडीचे नाव तरी कळते. इथे बेडीलाच वतन म्हटले होते. वतन म्हणजे प्रतिष्ठा, हे सारा मुलूख मानत होता. मोठमोठी घराणी वतनासाठी मान कापून घेत, भाऊ भावाचा गळा कापी. मग ज्याच्याकडे वतन आहे तो दरिद्री असला तरी वतनदार. बिनवतनी महार वतनदार महाराच्या खालचा. अशा रीतीने एकाच जातीत पुन्हा पायऱ्या पाडल्या गेल्या आणि वरच्या पायरीवर उभे असल्याचे समाधान वतनाबरोबर मिळाले. शब्द असा दगाबाज असू शकतो. तो खोटे बोलत नाही, पण दोन वेगळ्या वस्तूंवर एकच नाव चिकटवून त्यांतला फरक झाकून टाकतो.

दुसरे कारण मोबदल्याच्या स्वरूपाचे. तो कधीच एका ठिकाणी, एका दिवशी, एका मापाने मिळत नसे. आज भाकरीचा तुकडा, सुगीला चार पायल्या, पोळ्याला काही, लग्नाला काही, सरकारातून काही आणे. तसेच कामही तुकड्यातुकड्यांनी. सकाळी सांगावा, दुपारी लाकडे, रात्री वेस. ज्याची बेरीजच कधी होत नाही त्याची तूट दिसत नाही. गिरणीतला मजूर पगाराच्या दिवशी हातात किती पडले ते मोजतो आणि किती तास राबलो तेही मोजतो. म्हणून त्याला आपली पिळवणूक आकड्यात सांगता येते. वतनदाराच्या आयुष्यात पगाराचा दिवसच नव्हता.

तिसरे कारण हिशेब कोणाच्या हातात होता याचे. लेखणी कुलकर्ण्याकडे होती. गावकीवर लिहिणारे लोकही बहुधा वरच्या बाजूने पाहणारे. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' हे १९१५ सालचे पुस्तक गावाच्या कारभाराची बारीक माहिती देते आणि अभ्यासकाने ते वाचलेच पाहिजे. पण त्या पुस्तकाचा भर आहे तो अलुत्याबलुत्यांचा कुणब्यावर पडणाऱ्या भारावर. कुणब्याच्या खळ्यावरून किती गेले याचा हिशेब तेथे आहे. महाराच्या हाडामांसातून किती गेले याचा हिशेब मांडायला दुसऱ्या बाजूला उभा असलेला लेखक हवा होता. तो अजून शाळेच्या दाराबाहेर बसला होता.

चौथे कारण सर्वांत मोठे. पर्याय नव्हता. माणूस ज्या फांदीवर बसला आहे तीच फांदी सडकी आहे, हे त्याला कळले तरी तो ते मोठ्याने म्हणत नाही, कारण खाली दरी आहे. वतन सोडले तर जमीन जाईल, भाकरी जाईल, गावात राहायला जागा मिळणार नाही. अशा वेळी मन एक तडजोड करते: जे सोडता येत नाही ते चांगलेच आहे असे मानू लागते. यात भोळेपणा नाही. जगण्यासाठी केलेली ती कसरत आहे.

या चार कारणांमुळे एक महत्त्वाचा फरक ध्यानात येतो. आपल्या पूर्वजांना दुःख कळत नव्हते असे नाही. रात्री वेशीवर कुडकुडणाऱ्याला थंडी सांगावी लागत नाही. कळत नव्हते ते एवढेच की या दुःखाचे मूळ आपण ज्याला मान समजतो त्यातच आहे. दुःख जाणणे वेगळे आणि दुःखाचे कारण ओळखणे वेगळे. पहिले अनुभवाने येते. दुसऱ्यासाठी अनुभवापासून थोडे लांब जाऊन उभे राहावे लागते.

लांब जाऊन पाहणारे

म्हणूनच ही जाणीव प्रथम गावात जन्मली नाही. ती गाव सोडून गेलेल्यांत जन्मली. कंपनीच्या लष्करात महार भरती होत होते. तेथे पगार होता, निवृत्तिवेतन होते, शिक्षण होते. १८९० च्या सुमारास ही भरती बंद झाली तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी तिच्याविरुद्ध अर्ज केला. पुण्यात नोकरी करणारे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवड येथे एक्कावन्न गावांच्या महारांची सभा भरवली आणि लष्कर, पोलीस व सरकारी नोकऱ्यांची दारे उघडा अशी मागणी पुढे आणली. सासवड भोरपासून काही फार लांब नाही. या मागणीचा अर्थ नीट वाचला पाहिजे. 'आम्हाला दुसरे काम द्या' असे म्हणणारा माणूस पहिल्या कामाचे मोल ओळखू लागलेला असतो.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा करण्याचे धोरण अवलंबिले. म्हणजे जमीन महाराकडे, पण त्यावरची वेठ उतरवलेली. वतन आणि जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींपासून सुट्या करता येतात, हे एका राजाने आपल्या राज्यात दाखवून दिले. भोर संस्थानासह इतर ठिकाणी तसे करायला कोणाचा हात धरला नव्हता. भोर पंत सचिवांच्या ताब्यात राहिले ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत.

मग आले ते बाबासाहेब. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' मधून त्यांनी महार वतनाचा प्रश्न अग्रलेखांतून उलगडला, आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. बाबासाहेबांनी वतनावर हल्ला केला तो आधी हिशेबनीसाच्या भूमिकेतून. १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेततुकड्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला होता, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. तुकडे आणि पैसा यांचा अभ्यास केलेला माणूस हाडकीच्या तुकड्याकडे पाहू लागला, तेव्हा त्याला जे दिसले ते इतरांना दिसले नव्हते.

तो हिशेब आपण एका कल्पित उदाहरणाने मांडू. समजा एका गावात महार वतनाची जमीन सोळा एकर आहे. चार भावांत ती वाटली, प्रत्येकी चार एकर. पुढच्या पिढीत पुन्हा चार-चार वारस, प्रत्येकी एक एकर. त्याच्याही पुढच्या पिढीत प्रत्येकी दहा गुंठे. म्हणजे तीन पिढ्यांत सोळा एकरांचे चौसष्ट तुकडे झाले. पण काम वाटले गेले का? नाही. चाकरीचे ओझे साऱ्या कुटुंबावर. वतनदार घरी नसेल तर त्याच्या बापाला बोलवा, भावाला बोलवा, घरात सापडेल त्याला बोलवा. मोबदला वाटणीने घटत गेला आणि बंधन वाटणीशिवाय प्रत्येकाच्या डोक्यावर पुरते राहिले. दहा गुंठ्यांसाठी चोवीस तास बांधलेला माणूस शहरात जाऊन कमवू शकत नाही आणि दहा गुंठ्यांवर जगूही शकत नाही. हे गणित चौथीच्या मुलाला येते. पण ते मांडले गेले नव्हते.

दुसरा मुद्दा बलुत्याचा. सरकारी काम करणाऱ्या या नोकराचा पगार सरकार देत नव्हते, गावचा कुणबी धान्यात देत होता. साहजिकच नोकर सरकारचा आणि लगाम गावाच्या हाती. महाराने मेलेले ढोर ओढायचे नाकारले, पाणवठ्यावर हक्क सांगितला, मुलाला चांगले कपडे घातले, की बलुते बंद. अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने, जिचे बाबासाहेब सभासद होते, १९३० च्या आपल्या अहवालात सामाजिक बहिष्काराच्या या हत्याराची नोंद केली आहे. म्हणजे बलुते हे नुसते वेतन नव्हते. ते जामीन होते, आणि माणूस नमून राहील तोवरच ते चालू राही.

१९२८ च्या विधेयकाचा गाभा या दोन मुद्द्यांत होता. ज्या वतनदाराला चाकरी नको असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन ठेवण्याची आणि चाकरीतून मोकळे होण्याची मुभा द्यावी. बलुत्याचे रूपांतर रोख करात करावे आणि तो सरकारने वसूल करून द्यावा. महाराची कामे कोणती ते कायद्यात नमूद करावे. यात क्रांतीची भाषा फारशी नाही, पण परिणाम क्रांतीचा होता. म्हणूनच विरोध झाला, आणि १९२९ साली विधेयक मागे घ्यावे लागले. वतन गेले तर जमीन जाईल ही धास्ती महारवाड्यांतही होती, हे विसरून चालणार नाही.

लढा चालूच राहिला. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगाव येथे महार, मांग व वेठिया वतनदारांची परिषद भरली. १९४१ साली वतनी जमिनींवरील जुडी वाढवण्याविरुद्ध सिन्नरला परिषद झाली. १९५६ च्या धर्मांतरानंतर कित्येक गावांत लोकांनी येसकी सोडली, ढोरे ओढणे सोडले. कायदा यायच्या आधीच त्यांनी आपल्या पायांनी वतन सोडले होते. मग मुंबई राज्याचा कनिष्ठ गाववतने रद्द करणारा १९५८ चा कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. चाकरी संपली. जमिनी ठरावीक रक्कम भरून वतनदारांना परत देण्याची आणि परवानगीशिवाय त्या विकता येऊ नयेत अशी तरतूद झाली. ही अट आपल्या रक्षणासाठी होती. पुण्याच्या आसपास जमिनीला सोन्याचे मोल आल्यापासून महार वतनाच्या जमिनी पुन्हा व्यवहारांत आणि वादांत सापडत आहेत. ज्या तुकड्यावर माणूस बांधला होता तो तुकडा मौल्यवान होताच त्याच्याकडून काढून घेण्याच्या वाटा शोधल्या जातात. उताऱ्यावर आजही ज्यांची नावे आहेत त्यांनी ते उतारे काढून वाचले पाहिजेत. हेही हिशेब मांडण्याचेच काम आहे.

एकदा दिसले की

या साऱ्या हकिगतीतून उघड गोष्टी उशिरा का दिसतात याचा एक नियमच हाती लागतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: लांब उभे राहायला जागा, मांडायला हिशेब, आणि वळायला दुसरी वाट. यांतले एक जरी नसेल तरी डोळे उघडे असून उपयोग नसतो. महाडचे उदाहरण घ्या. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तळ्याच्या पाण्याला आपला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी. पाणी सर्वांचे असते यापेक्षा उघड गोष्ट जगात कोणती? कागद होता, तळे होते, तहान होती. नव्हती ती एकत्र चालून जाणाऱ्या माणसांची रांग.

आणि एकदा दिसले की ते पुन्हा न दिसल्यासारखे करता येत नाही. १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं' आले. एका माणसाच्या आयुष्याच्या कहाणीला बलुत्याचे नाव देणे, हे वीस वर्षांपूर्वी कायद्याने संपलेल्या व्यवस्थेचा उरलेला हिशेब साहित्यात मांडणे होते. शंकरराव खरातांच्या आत्मकथनाच्या नावात, 'तराळ-अंतराळ' मध्ये, वडिलांची ती गावकी आणि तिच्यापासून गाठलेले अंतर दोन्ही आहेत. दलित आत्मकथने ही केवळ वेदनेची कथने आहेत असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ती हिशेबवह्याही आहेत.

पण हिशेब लिहिणाऱ्यांच्याही वहीत काही पाने कोरी राहतात. येसकराची भाकरी घरोघर हिंडून कोण गोळा करी? पाटलाच्या वाड्यासमोरचे अंगण कोण झाडी, शेण-लाकूड कोण वाही? बहुतेक वेळा बाई. वतनाच्या कागदावर तिचे नाव कधीच नव्हते आणि आपल्या बेरजेतही फार काळ नव्हते. आंबेडकरी चळवळीत स्त्रियांनी काय केले हे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात नोंदवले ते १९८९ साली. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती. ज्या बायका प्रत्येक सभेत समोर बसलेल्या होत्या त्या दिसायला बासष्ट वर्षे. हे उदाहरण आपल्याच घरातले आहे, म्हणून ते जास्त मोलाचे.

आता आजचा प्रश्न. महाराष्ट्रात लाड व पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नेमण्याची पद्धत आहे. कुटुंबाला नोकरीची शाश्वती मिळते, घर टिकते, म्हणून ती हवीशी वाटते, आणि कंत्राटी पद्धतीच्या काळात ही शाश्वती काढून घ्या असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. पण झाडू वारशाने मिळतो, खुर्ची वारशाने मिळत नाही, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे. ज्या हक्काचा वारस फक्त एकाच प्रकारच्या वस्तीत सापडतो तो हक्क पुन्हा तपासावा लागतो. येथेही बाबासाहेबांचीच रीत उपयोगी पडेल. सफाई कामगाराला त्याचा हक्क मूर्खपणाचा आहे असे सांगू नये. त्याच्यासोबत बसून हिशेब मांडावा, आणि त्याच्या मुलीला दुसरी वाट मोकळी करून द्यावी. वाट मोकळी झाली की ती आपसूक आपल्या पायांनी निघेल.

वर्गातल्या त्या प्रश्नाला म्हणून मी असे उत्तर देतो: आपल्या लोकांना कळले नाही असे नाही, त्यांच्या हातात मोजण्याचे माप नव्हते आणि निघायला रस्ता नव्हता. ज्या दिवशी दोन्ही मिळाले त्या दिवसापासून एका पिढीत त्यांनी हजार वर्षांचे ओझे उतरवले. आता माप आपल्या हातात आहे, शाळा आहे, लेखणी आहे. तेव्हा आजच्या कोणत्या 'मानाला' आपण वतन म्हणून कवटाळून बसलो आहोत, हे विचारण्याची जबाबदारीही आपलीच. आपल्या नातवंडांनी कधीतरी फळ्यासमोर बसून आपल्याबद्दल तोच प्रश्न विचारण्याआधी तो आपण विचारलेला बरा.